गाडी आली आणि गोष्ट राहिली

रवींद्रनाथ टागोरांच्या कथा सव्वाशे वर्षांनंतरही जुन्या का होत नाहीत?

खुनी कोण ते कळलं की रहस्यकथेतला जीव जातो. ती दुसऱ्यांदा वाचणारा विरळाच. मग ‘काबुलीवाला’चं काय? सुकामेवा विकणारा रहमत, बडबडी मिनी, मधली तुरुंगाची वर्षं, लग्नाच्या दिवशी समोर आलेली पण परकी झालेली मिनी, हे सगळं आपल्याला पाठ असतं. कुणी शाळेत ऐकलेलं असतं, कुणी बलराज साहनींच्या १९६१ च्या हिंदी चित्रपटात पाहिलेलं. तरीही गोष्ट हाती आली की आपण वाचतो, आणि रहमतने खिशात जपलेल्या त्या मळक्या कागदापाशी, त्यावरच्या काजळीत उठलेल्या चिमुकल्या हाताच्या ठशापाशी आलो की घसा दाटतोच. ही कथा १८९२ सालची आहे.

‘मानवी भावना चिरंतन असतात’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. चिरंतन भावना त्या काळच्या शेकडो कथांमध्ये होत्या. त्या कथांकडे आता वाळवीही फिरकत नाही. तेव्हा भावना बाजूला ठेवून टागोर गोष्ट कशी रचतात, कुठला खिळा कुठे ठोकतात, हे बघितलेलं बरं. त्यासाठी निजामाच्या जुन्या मुलखातल्या, आदिलाबादकडच्या आमच्या इचोड्याच्या वाचकाला एक कथा फारच सोयीची आहे.

निजामाच्या नोकरीतला नायक

‘क्षुधित पाषाण’ म्हणजे भुकेले दगड. १८९५ साली ही कथा छापून आली. भुताटकीची म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण तिच्या नायकाची नोकरी सहसा कुणी लक्षात घेत नाही. जुनागढ संस्थानातली नोकरी सोडून हा गृहस्थ हैदराबादच्या निजामाच्या सेवेत लागतो आणि ‘बरीच’ नावाच्या गावी कापसावरची जकात वसूल करायला जातो. पगार महिना साडेचारशे रुपये. (हे रुपये निजामाचे हाली की इंग्रजांचे कलदार, ते टागोर सांगत नाहीत. निजामाच्या मुलखातल्या जुन्या माणसाने पहिला प्रश्न हाच विचारला असता.)

‘बरीच’ टागोरांच्या कल्पनेतलं गाव आहे. कापूस आणि जकात मात्र खरी. निजामाच्या राज्यात मालावर जकात घेणारं खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. कापसाचं तर इकडे सांगायलाच नको. आजही दिवाळीनंतर आदिलाबाद-निर्मल रस्त्याने गेलं तर दुतर्फा बाभळींच्या काट्यांना ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस लटकलेला दिसतो. खरेदी केंद्रावर ओलाव्याचं यंत्र कापसात खुपसलं की शेतकऱ्याची नजर त्याच्या आकड्यावर खिळते: आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. निजामाच्या जकातदारासमोरही असेच डोळे असणार.

कथेतला वाडा आला आहे गुजरातेतून. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादला राहिले होते. सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस. तेव्हा ते तिथे न्यायाधीश होते आणि त्यांचं बिऱ्हाड शाहीबागेतल्या मोगलकालीन महालात होतं. खाली साबरमती. भाऊ कचेरीत गेले की त्या रिकाम्या दालनांत हा मुलगा एकटा हिंडायचा. सत्येंद्रनाथांची नोकरी मुंबई इलाख्यातली. सोलापूर, सातारा, कारवार असा त्यांचा संसार फिरला, आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. अहमदाबादहून रवींद्रनाथ इंग्रजी बोलणं सुधारण्यासाठी मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले. म्हणजे या थोर बंगाली लेखकाच्या घडणीत मराठी मुलखाचाही थोडा वाटा आहे. अहमदाबादचा तो महाल मनात सतरा वर्षं मुरला, मग त्याच्या शेजारी निजामाचा कापूस आला आणि कथा तयार झाली.

अर्धवट तोडण्याची कला

आता रचना बघू. कथा दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर निवेदक आणि त्याचा थिऑसॉफीवाला नातेवाईक. पूजेच्या सुट्टीतला प्रवास संपवून ते कलकत्त्याला परतत असतात. गाडीत त्यांना एक विलक्षण बोलका माणूस भेटतो. जंक्शनवर पुढची गाडी उशिरा आहे, म्हणून प्रतीक्षागृहात बसून तो आपली हकिगत सांगू लागतो. हा आपला जकातदार, आणि त्याची हकिगत म्हणजे खालचा मजला. गोष्टीत गोष्ट सांगायची ही रीत पंचतंत्रापासून आपल्या ओळखीची आहे.

शुस्ता नदीकाठी दीडशे पायऱ्यांचा घाट आणि वर ओसाड महाल. कचेरीतला म्हातारा कारकून करीमखान बजावतो: दिवसा राहा, रात्री राहू नका. साहेब ऐकत नाहीत. संध्याकाळी पायऱ्यांवरून पळत नदीवर जाणाऱ्या, न दिसणाऱ्या मुलींची पावलं ऐकू येतात. हळूहळू या माणसाचे दोन भाग होतात. दिवसा इंग्रजी कपडे आणि सोला हॅट घालून तो कापसाचे हिशेब लिहितो; रात्री रेशमी पोशाख चढवून, अत्तर लावून कुणा इराणी तरुणीची वाट बघतो. सकाळी मेहेर अली नावाचा एक वेडा महालाभोवती ओरडत फिरतो, दूर व्हा, सगळं खोटं आहे, अशा अर्थाचं. शेवटी जकातदार करीमखानाला विचारतो, यातून सुटायचं कसं? करीमखान म्हणतो, एकच उपाय आहे, पण त्याआधी त्या इराणी दासीची जुनी हकिगत ऐकावी लागेल.

आणि तेवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गातून एक इंग्रज डोकावतो, या माणसाला ओळखून हाक मारतो आणि डब्यात घेतो. आपल्या निवेदकाकडे तिकीट दुसऱ्या वर्गाचं. पुढची हकिगत कधीच कळत नाही.

१९२७ साली ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची, काही पुरी होऊ द्यायची, काही मध्येच थांबवायची. थांबवलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहिली. पुढच्या संशोधकांना हा निकाल दर वेळी मिळाला नाही, पण अर्धवट सुटलेली गोष्ट डोक्यात घोळत राहते हा अनुभव सगळ्यांचाच आहे. दूरचित्रवाणीच्या मालिका त्यावरच चालतात.

फरक असा की मालिका तोडते ती उद्याचा भाग विकण्यासाठी. टागोर तोडतात तेव्हा उद्या नसतोच. शिवाय ते जागा फार हुशारीने निवडतात. घटना सगळी सांगून झाली आहे, अनुभव पुरता पोचला आहे. उरलंय फक्त स्पष्टीकरण. नेमकं तेच ते खिशात घालतात. दासीची हकिगत कळली असती तर महालाचं भूत ‘सुटलं’ असतं आणि आपणही. निवेदकाला वाटतं, या माणसाने आपल्याला बनवलं. नातेवाईकाला वाटतं, सगळं खरं आहे. त्यावरून दोघांचं कायमचं बिनसतं. वाचकांनी कसं भांडावं, तेही लेखकाने कथेतच दाखवून ठेवलं आहे.

याच कथेवरून सुचलेला गुलजारांचा ‘लेकिन’ १९९१ मध्ये आला. निर्मिती लता मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं. गाणी अजून कानात आहेत. पण चित्रपटाला शेवट द्यावा लागला, त्या अडकलेल्या जिवाला मुक्ती द्यावी लागली. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला स्टेशनवर अर्ध्यात सोडता येत नाही, हे समजण्यासारखं आहे. कथा मात्र तिथे पातळ झाली, असं मला वाटतं.

होडीतल्या जमीनदाराला काय दिसलं

टागोरांसारखा कलकत्त्याचा श्रीमंत तरुण खेड्यातल्या गरिबांविषयी लिहायला लागला तो नोकरीमुळे. नोकरी अर्थात घरचीच. १८९० च्या आसपास वडिलांनी त्यांच्यावर पूर्व बंगालातल्या जमिनींचा कारभार सोपवला: शिलाईदह, शहाजादपूर, पतिसर. आज ही गावं बांगलादेशात आहेत. रवींद्रनाथ ‘पद्मा’ नावाच्या मोठ्या होडीत राहत. काठाला होडी लागे, रयत अर्ज घेऊन येई, दुपारी घाटावर बायका धुणं धूत, कुणी मुलगी सासरी जायला निघे. ते हे बघत आणि पुतणी इंदिरा हिला पत्रांतून कळवत. ती पत्रं पुढे ‘छिन्नपत्र’ म्हणून पुस्तकात आली.

१८९१ मध्ये ‘हितवादी’ साप्ताहिकासाठी त्यांनी कथा लिहायला घेतल्या. तिथे फार दिवस जमलं नाही. त्याच वर्षी टागोर घराण्याचं ‘साधना’ मासिक निघालं आणि महिन्याला कथा देणं आलं. ‘गल्पगुच्छ’ या त्यांच्या कथासंग्रहातल्या निम्म्याहून अधिक कथा १८९१ ते १८९५ या काळातल्या आहेत. मासिकाची पानं मोजकी, छापखान्याची तारीख ठरलेली. पाल्हाळाला वाव नव्हता. कादंबऱ्यांत टागोर बरेचदा व्याख्यान देऊ लागतात. कथांत त्यांना ती चैन परवडली नाही, हे आपलं नशीब.

बदली

आता मुख्य यंत्र. टागोरांच्या चांगल्या कथा बहुतेक वेळा नोकरीच्या दारातून आत येतात. कुणीतरी कामानिमित्त परक्या ठिकाणी येतो. कामाच्या फटीतून एक नातं उगवतं, ज्याला कागदावर नाव नसतं. मग काम संपतं किंवा बदली होते. एकाला जाता येतं, दुसऱ्याला येत नाही.

‘पोस्टमास्टर’ (१८९१) हा त्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना. उलापूर नावाच्या खेड्यात निळीच्या कारखान्याच्या साहेबाने खटपट करून टपाल कचेरी उघडवली आहे. कलकत्त्याचा तरुण पोस्टमास्टर तिथे पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडतो. रतन नावाची बारा-तेरा वर्षांची पोरकी मुलगी दोन घासांवर त्याचं घरकाम करते. करमत नाही म्हणून तो तिला घरच्या गोष्टी सांगतो, अक्षरं शिकवतो. ती त्याच्या आई-बहिणींना आपल्याच नात्याने संबोधू लागते. पावसाळ्यात तो आजारी पडतो, ती रात्रभर उशाशी बसते. बरा झाल्यावर तो बदलीचा अर्ज करतो, नामंजूर होतो, तो राजीनामा देतो. रतन विचारते, मला तुमच्या घरी न्याल का? तो हसतो. ते कसं शक्य आहे?

टागोरांचा खरा हात शेवटच्या परिच्छेदांत दिसतो. होडी सुटते, पोस्टमास्टरच्या काळजात कळ येते, परत जावं असं वाटतं. पण शिडात वारा भरलेला, पावसाळी नदी वेगात, गाव मागे पडलेलं. मग त्याला तत्त्वज्ञान सुचतं: आयुष्यात किती ताटातुटी होतात, परत जाऊन काय होणार, जगात कोण कुणाचं! आणि लगेच टागोर सांगतात की रतनला असलं काही सुचलं नाही. ती डोळे पुसत टपाल कचेरीभोवती घुटमळत राहिली, दादा परत येईल या आशेवर.

जिनिंगमधून रुईची गठाण ट्रकात चढून लांब निघून जाते आणि सरकी आवारातच ढिगाने पडून राहते, तसं हे दुःख दोघांत वाटलं जातं. जाणाऱ्याला वारा मिळतो, नदी मिळते, विचार मिळतात. राहणारीच्या वाट्याला टपाल कचेरी. विरहाच्या कथा लाखो आहेत. त्यात बहुधा दोघं सारखेच रडतात. इथे रडण्यातही वर्ग आहे. हा असमतोल ज्याच्या लक्षात येतो, त्याला ही कथा दुसऱ्या वाचनात जास्त बोचते, कारण पहिल्या खेपेला आपण बहुतेक पोस्टमास्टरच्या होडीत बसलेले असतो.

आमच्याकडे हे समजावून द्यावं लागत नाही. इचोडा, उटनूर, नेरडीगोंडाच्या शाळांत, बँकांत, दवाखान्यांत लांबून आलेली माणसं असतात. तेलुगू येतं तर मराठी येत नाही, मराठी येतं तर गोंडी येत नाही. पहिलं वर्ष बदलीच्या खटपटीत जातं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी घरचे ज्वारीच्या भाकरीचे डबे येऊ लागतात, आणि तिसऱ्या वर्षी आदेश निघतो. निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषण. भाषण जाणाऱ्याचं.

पोस्टमास्टर हवेतून आलेला नव्हता. शहाजादपूरला जमीनदारीच्या कोठीच्या तळमजल्यावरच टपाल कचेरी होती आणि तिथला पोस्टमास्टर संध्याकाळी गप्पा मारायला येई. ‘हितवादी’त कथा आल्यावर तो लाजत लाजत त्याविषयी बोलला, असं टागोरांनी पुतणीला लिहिलं आहे. त्याने काय ओळखलं असेल? आणि त्याच्याकडे कुणी रतन होती का? पत्रात तेवढं नाही.

हिशेबाची वही

दुसरी युक्ती थोडक्यात. टागोर भावना मोजून देतात, तीही बहुधा पैशात. ‘काबुलीवाला’च्या शेवटी मिनीचा बाप रहमतला गावी मुलीकडे जाण्यासाठी पैसे देतो. ते कुठून येतात? लग्नातली विजेची रोषणाई आणि बँड रद्द करून. घरातल्या बायका नाराज होतात. एवढ्या एका तपशिलामुळे बापाची दया स्वस्त राहत नाही. किंमत चुकती झालेली आपल्याला दिसते.

‘शास्ति’ (१८९३) मध्ये हाच हिशेब भीषण होतो. दुखी आणि छिदाम हे मजूर भाऊ. त्या दिवशी जमीनदाराचे शिपाई त्यांना कचेरीचं गळकं छप्पर शाकारायला जबरदस्तीने धरून नेतात. दिवसभर पावसात काम, मजुरी धड नाही, वर शिव्या. संध्याकाळी उपाशी दुखी भात मागतो. बायको फणकारते, घरात तांदूळ आहेत कुठे? त्याच्या हातातला कोयता चालतो आणि ती मरते. नेमका तेव्हाच खंडाची बाकी मागायला गावातला वडीलधारा दारात येतो. छिदामच्या तोंडून निघून जातं की आपल्या बायकोने, चंदराने, हे केलं. बायको गेली तर दुसरी करता येईल, भाऊ गेला तर कुठून आणायचा, असा त्याचा हिशेब. चंदरा तो ऐकते आणि मग वाचायलाच नकार देते. नवरा शिकवतो ती पळवाट ती कोर्टात वापरत नाही. भाऊ खरं सांगतात तेव्हा न्यायाधीशाला ते खोटं वाटतं.

लक्षात घ्या, हे लिहिणारा स्वतः जमीनदार होता. अशाच कचेऱ्यांचा कारभार तो बघत होता. कुठेही कानउघाडणी नाही. फक्त गळकं छप्पर आणि थकलेला खंड योग्य जागी ठेवले आहेत. खून घरात झाला, पण पाऊलवाट कचेरीपर्यंत जाते.

बंगाली लेखकांत शरच्चंद्र चट्टोपाध्याय आपल्याकडे टागोरांपेक्षा अधिक लाडके. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे ते मराठी घरांत गेले, आणि तेलुगूत तर अक्किनेनींच्या ‘देवदासु’ चित्रपटानंतर (१९५३) ते तिथलेच झाले. शरदबाबू आपल्या खांद्यावर हात ठेवून रडतात. टागोर हात ठेवत नाहीत, म्हणून पहिल्या भेटीत ते कोरडे वाटतात.

> पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी
> एका बैठकीत एकच कथा वाचावी. ‘पोस्टमास्टर’ने सुरुवात करावी, मग ‘काबुलीवाला’. घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर ‘छुटी’ (१८९२-९३) जरूर. त्या वयाच्या अवघडलेपणावर इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं आहे. मन घट्ट असेल त्या दिवशी ‘शास्ति’. ‘क्षुधित पाषाण’ रात्री. ‘स्त्रीर पत्र’ सगळ्यांत शेवटी. पडद्यावर बघायचं तर सत्यजित राय यांचे ‘तीन कन्या’ (१९६१, त्यात ‘पोस्टमास्टर’ आहे) आणि ‘नष्टनीड’ या कथेवरचा ‘चारुलता’ (१९६४). बंगालची गोडी मराठीतून लागायला पु. ल. देशपांडे यांचं ‘वंगचित्रे’ बरं. पन्नाशीत बंगाली शिकायला ते शांतिनिकेतनला गेले होते.

तिकीट कुणाच्या हातात?

यंत्र एकदा कळलं की लेखक तेच फिरवत बसतो, हा धोका असतो. टागोरांनी तेवीस वर्षांनी ते उलटं फिरवलं. ‘सबुजपत्र’ मासिकात १९१४ मध्ये ‘स्त्रीर पत्र’ आली. कलकत्त्याच्या एका घरातली मधली सून मृणाल, लग्नाला पंधरा वर्षं झालेली, नवऱ्याला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिते आहे. पत्र पुरीहून. घरात आश्रयाला आलेली बिंदू, जावेची पोरकी बहीण, वेड्या माणसाच्या गळ्यात बांधली जाते. पळून येते, परत पाठवली जाते. मृणाल आपल्या भावाला सांगून ठेवते, काही कर, पण पुरीच्या गाडीत तिला बसव. गाडी ठरलेली असते. बिंदू गाडीपर्यंत पोचत नाही. कपडे पेटवून घेऊन ती मरते. मृणाल पुरीला जाते ती परत न येण्यासाठी, आणि तसं पत्रात सांगून टाकते.

रतनला होडीत कुणी घेतलं नाही, बिंदूची गाडी चुकली, मृणाल मात्र गेली. या वेळी मागे घरात राहिलेला वाचणारा आहे नवरा, आणि त्याला उत्तर द्यायला लेखकाने एक ओळही दिलेली नाही. त्या काळच्या पुष्कळ सद्गृहस्थांना हे झोंबलं. टिळक आणि लाला लजपतराय यांच्याबरोबर ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या लाल-बाल-पाल त्रयीतल्या बिपिनचंद्र पालांनी तर ‘मृणालेर कथा’ ही दुसरी कथाच जबाबादाखल लिहून काढली.